उघड्या दाराचं प्रकरण: पंडिता रमाबाई, मनोरमा आणि १८९३ चं पुणं

पुण्याच्या शारदा सदनात, म्हणजे पंडिता रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेल्या संस्थेत, त्यांची स्वतःची एक खोली होती. तिथे त्या मुलीला, मनोरमाला, घेऊन बसायच्या, बायबल वाचायच्या आणि दोघी मायलेकी प्रार्थना करायच्या. दार मात्र लावून घेत नसत. सदनातल्या मुली येता-जाता बघायच्या. काही जणी आत येऊन बसायच्या. त्यांना कुणी बोलावलेलं नसे आणि कुणी उठवूनही लावत नसे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी पंचविसेक मुली काढून नेल्या. गावभर बोभाटा झाला. त्या सगळ्याच्या मुळाशी हे न लावलेलं दार होतं.

रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि बहुतेक लेखनात त्यांचे दोन तुकडे झालेले दिसतात. एक सुधारकांच्या वाट्याचा: संस्कृत पंडिता, आर्य महिला समाज, शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढची साक्ष, शारदा सदन. दुसरा चर्चच्या वाट्याचा: केडगाव, मुक्ती मिशन, बायबलचं भाषांतर. भारताच्या टपाल खात्यानं १९८९ साली तिकीट काढलं ते पहिल्या रमाबाईंचं. इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिलला ज्यांची आठवण होते त्या दुसऱ्या, आणि तिथे त्यांची ओळख शास्त्राची भाषांतरकार अशी दिलेली आहे. मनोरमेची आई ही तिसरी बाई दोन्हीकडे तळटीपेत जाऊन बसते. माझ्या मते हे प्रकरण नीट लावायचं तर तळटीपेतूनच सुरुवात करावी लागते, कारण दार उघडं ठेवून बसलेली बाई त्या घडीला एका बारा वर्षांच्या मुलीची आई होती.

आईकडून आलेली विद्या

रमाबाई स्वतः आईच्या हातची विद्यार्थिनी. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा रोष ओढवून घेतला आणि पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटलं. तिथे २३ एप्रिल १८५८ ला रमाचा जन्म. तिला शिकवायची वेळ आली तेव्हा शास्त्रीबुवा थकले होते, म्हणून शिकवणं आईकडे, लक्ष्मीबाईंकडे आलं. दिवसभर घरकाम, आल्यागेल्याचं, विद्यार्थ्यांचं. मोकळा वेळ काय तो पहाटेचा. पाखरं जागी व्हायच्या सुमाराला लक्ष्मीबाई झोपलेल्या पोरीला उचलून घ्यायच्या, लाडीगोडीनं जागं करायच्या आणि पाठ सुरू व्हायचा. १८८७ साली अमेरिकेत रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. एव्हाना त्या बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्ती होत्या, पण अर्पणपत्रिकेत नाव होतं ते पुराण सांगणाऱ्या या आईचं.

मधली वर्षं इथे भराभर सांगतो. तीर्थयात्रा, पुराणं सांगत पायी हिंडणं, सत्तरच्या दशकातला दुष्काळ. त्यात आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोन भावंडं चालत चालत १८७८ ला कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० ला भाऊ श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणीचं. एप्रिल १८८१ ला मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ ला पटकीनं नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, दहा महिन्यांचं मूल, माहेर नाही, सासर नाही. पुण्यात त्या आल्या त्या या अवस्थेत. आपण त्यांचं 'आगमन' म्हणतो तेव्हा सभा आणि भाषणं डोळ्यांपुढे येतात; कडेवरचं मूल येत नाही.

वाँटेजची आजीबाई

वैद्यकी शिकायची म्हणून रमाबाई १८८३ ला इंग्लंडला गेल्या. 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे त्यांनी प्रवासाला लावले. ख्रिस्ती होणार नाही, असं निघताना सांगितलं होतं. सोबत मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. वाँटेज या गावी सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात तिघी उतरल्या. काही महिन्यांतच आनंदीबाईंनी विष घेऊन जीव दिला. आपल्याला बळेच बाटवतील या भीतीनं त्यांना घेरलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याबरोबर अडीच वर्षांच्या मनोरमेलाही दिला.

इथे क्षणभर थांबायला हवं. आपल्या विवेकासाठी आयुष्यभर भांडलेल्या बाईनं मुलीच्या धर्माचा निर्णय स्वतःच घेतला. यात नवल काहीच नाही, सगळे आईबाप घेतात. पण पुढच्या भांडणात हा मुद्दा ठेवणीतल्या नाण्यासारखा पुन्हा पुन्हा वर येतो.

मठातली सिस्टर जेराल्डीन ही रमाबाईंची धर्ममाता. रमाबाई तिला 'आजीबाई' म्हणत आणि पत्रातही तसंच लिहीत. ती सगळी पत्रं जेराल्डीननं जपून ठेवली, आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती इंग्रजीत छापली. पत्रं वाचताना हसूही येतं आणि धास्तीही वाटते. रमाबाई शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नको. जेराल्डीनला त्यात ब्राह्मणी ताठा दिसला. रमाबाईंनी उलट टपाली लिहिलं, तुम्हाला माझा गर्व शोधायचाच असेल तर पुडिंगात शोधा, दुधा-लोण्यात शोधा, बुटा-मोज्यांत शोधा. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर त्यांनी विचारलं की लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या जुन्या संस्कृतात नाही? हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी कळवलं की या बाईनं पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही. त्यावर त्यांनी साफ सांगितलं की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, माझं डोकं आहे, निवाडा मीच करणार.

सर्वांत कडवट पत्रं मनोरमेवरून आहेत. रमाबाई चेल्टनहॅमला डोरोथिया बील यांच्या कॉलेजात, मुलगी वाँटेजला जोगिणींकडे. मठाला वाटे, बाप्तिस्मा झालेलं मूल आहे, त्याला चर्चचं तत्त्वज्ञान शिकवणं हे आपलं कर्तव्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, हा त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना स्वतःलाच पटत नव्हता, तो कोवळ्या पोरीच्या गळी उतरवणं त्यांना मान्य नव्हतं. माझ्या मुलीला काय शिकवायचं ते मी ठरवीन. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली: हिला इतकी इंग्रज करू नका की आपण हिंदुस्थानची लेक आहोत हे सांगताना तिला लाज वाटावी. जेराल्डीनच्या बाजूनंही पाहायला हवं. पोर आजारी पडली की रात्र जागवणारी तीच होती. जीव लावायचा आणि हक्क मात्र सांगायचा नाही, ही गोष्ट तिला जमली नाही. कुणालाच सहज जमत नाही.

बोस्टनचा करार

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. तारीख ११ मार्च. तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं. सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न लागलं तेही ११ मार्चलाच, १८९३ साली. योगायोगावर माझा विश्वास नाही, पण ही तारीख लक्षात राहते.

पैसा अमेरिकेचा होता. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षांसाठी मदत ठरली. संस्था कोणत्याही पंथाची असणार नाही आणि धर्मशिक्षण देणार नाही, ही तिची अट होती. ती रमाबाईंना मान्य होती, किंबहुना तिच्याशिवाय त्यांच्याकडे एकही ब्राह्मण विधवा आली नसती. सदनात जातीचे नियम पाळून स्वयंपाक होई. मुलींना आपापल्या पूजाअर्चेची मोकळीक होती. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं तेव्हा रानडे, भांडारकर या मंडळींनी या अटीच्या भरवशावर आपली पत पणाला लावली. लोकांना त्यांनी सांगितलं की मुली पाठवा, काळजी करू नका.

आणि नेमकी याच काळात रमाबाईंची आतली घडी बदलली. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो त्यांना भेटला १८९१ च्या सुमारास. म्हणजे ज्या बाईनं अट कबूल केली ती आणि जिनं ती पाळायची होती ती, या दोघी तंतोतंत एक राहिल्या नव्हत्या. वाँटेजला शंका काढणारी रमाबाई आता रोज प्रार्थनेला बसणारी रमाबाई झाली होती. करारात अशा बदलाला जागा नसते.

दार

'केसरी' पहिल्यापासून टपून होता. सदनातल्या मुली ख्रिस्ती होण्याच्या वाटेवर आहेत असं अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात छापून आलं, ते त्यानं उचललं. मग मुली बाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसतात हे बाहेर आलं आणि चौकशा सुरू झाल्या. रमाबाईंनी काही नाकारलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मी वर्गात धर्म शिकवत नाही. कुणाला बोलावत नाही. माझ्या खोलीत, माझ्या मुलीबरोबर, माझी प्रार्थना करते. हिंदू मुलींना त्यांच्या देवाची मोकळीक आहे, तेवढीच मला माझ्या देवाची आहे. हे काम मी चोरून करणार नाही.

सल्लागारांनी सुचवलेला तोडगा साधा होता. दार लावा. एका कडीचा प्रश्न होता. रमाबाईंनी कडी घातली नाही.

मला बरेच दिवस हा हट्ट वाटायचा. दार लावलं असतं तर संस्था वाचली असती, मुली राहिल्या असत्या, रानड्यांसारखा माणूस गमवावा लागला नसता. पण 'सदन' या शब्दाकडे पाहिलं की गुंता दिसतो. बोस्टनला वाटत होतं आपण शाळेला पैसे देतो आहोत. पुण्याला वाटत होतं हे सोज्वळ वसतिगृह आहे. रमाबाईंच्या लेखी ते घर होतं, त्या तिथेच राहत, मुलगीही तिथेच वाढत होती. शाळेत धर्माबद्दल गप्प राहता येतं. घरात आई देवापुढे बसते ते मूल बघतच असतं. आणि एका मुलीपुरतं घर आणि बाकीच्यांपुरती शाळा अशी भिंत एकाच छताखाली घालायची, तर ती दारानंच घालावी लागते: पोटची आत, बाकीच्या बाहेर. विधवा म्हणून आयुष्यभर दाराबाहेर बसवलेल्या मुलींसमोर हे दार लावायचं होतं. रमाबाईंना ते जमलं नाही, याचं कारण मला इथे दिसतं.

तरी सल्लागारांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांची बाजू आपल्याकडे एक तर डोक्यावर घेतली जाते किंवा झटकून टाकली जाते. डोकं भादरलेली, घरात नाव न घेतली जाणारी पोर सदनात येते. इथे तिला कुणीतरी हाक मारतं, शिकवतं, आजारात उशाशी बसतं. ती बाई जिथे बसते तिथे ही जाऊन बसणारच. तिला बोलावलं नव्हतं हे खरं, पण बोलावण्याची गरजच काय होती? माया हेच बोलावणं. रमाबाईंना हे कळत नव्हतं असं मानणं म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान. त्या मिशनरी होत्या. आपल्याला सापडलेलं दुसऱ्यालाही सापडावं असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि ते त्यांनी पुढे कधी लपवलं नाही.

पालकांचंही दोन्हीकडून पाहावं. काही जण असे की मुलगी विधवा होऊन कोपऱ्यात बसली होती तोवर तिची आठवण नव्हती, आणि बायबलचं नाव निघताच त्यांना पालकत्व आठवलं. पण काही बाप आणि भाऊ जातीचा बहिष्कार पत्करून मुलीला सदनात सोडून गेले होते. त्यांना दिलेला शब्द मोडला होता. त्यांची तक्रार एका वाक्यात मांडायची तर: माझ्या मुलीला कुणाच्या देवाकडे न्यायचं ते तुम्ही ठरवू नका.

हे वाक्य ओळखीचं वाटतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी चेल्टनहॅमहून वाँटेजला गेलेल्या पत्रांचा मतलब हाच होता. तिथे रमाबाई आईच्या जागी होत्या आणि जेराल्डीन माया लावून हक्क सांगत होती. पुण्यात रमाबाई जेराल्डीनच्या जागी आल्या. मठात मनोरमेसाठी त्यांनी मागितलं ते सदनातल्या मुलींच्या बापांनी मागितलं. फरक एकच, पण मोठा: सदनातल्या अनेक मुली अडीच-चार वर्षांच्या नव्हत्या. काही चांगल्या जाणत्या होत्या, आणि विवेक ज्याचा त्याचा हे रमाबाईंचं जुनं सूत्र त्यांनाही लागू होत होतं. गोदूबाई त्याच छताखाली चार वर्षं राहिल्या आणि हिंदूच राहिल्या. दुसऱ्या काही जणींनी पुढे बाप्तिस्मा घेतला. दार एकच, ज्या त्या मुलीनं आपापलं ठरवलं. पुण्याला मात्र दुसऱ्या प्रकारच्याच मुली मोजायच्या होत्या.

बोस्टननं चौकशी केली आणि रमाबाईंच्या पाठीशी उभं राहायचं ठरवलं. पुण्यातला विश्वास मात्र परत आला नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. हिंदू घरांना बिनघोर मुली पाठवता येतील अशी जागा हवी होती, ती त्यांनी उभी केली. पदरचं घालून आणि दारोदार वर्गणी मागून तो आश्रम उभा करण्यात शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंचा हात होता.

केडगाव

पुढची कहाणी सर्वांना माहीत आहे. पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेली शंभर एकर जमीन, फळबाग करून स्वतःच्या पायावर उभं राहायचा बेत, मग १८९६-९७ चा दुष्काळ. लहानपणी उपाशी हिंडलेल्या बाईला घरात बसवेना. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी तीनेकशे मुली आणल्या. १९०० मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी. माणसं दोन हजारांच्या घरात गेली. असोसिएशनची दहा वर्षं १८९८ ला संपली होती आणि केडगावची ही संस्था, मुक्ती मिशन, आता उघड ख्रिस्ती होती. दाराचा प्रश्नच मिटला, कारण भिंतच उरली नव्हती.

आता मनोरमाबाई. वाँटेज, मग पुणे, पुन्हा परदेश, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात शिक्षण. परत येऊन त्यांनी शारदा सदनाची शाळा सांभाळली. ब्रेल शिकून आल्या होत्या, ते मुक्तीतल्या आंधळ्या मुलींना शिकवलं. बोटांनी मराठी वाचणाऱ्या मुली केडगावात तयार होत होत्या तो काळ विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा आहे. १९०२-०३ मध्ये मुक्तीतल्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्रॅम्स यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाला जाऊन त्यांनी कामासाठी मदत गोळा केली. संस्था चालवता चालवता मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाल्या. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. लग्न केलं नाही. रमाबाईंनी आपल्यामागे संस्थेची वारस म्हणून त्यांनाच धरलं होतं.

हिंदुस्थानची लेक म्हणवून घ्यायला लाजू नये, ही आईची जुनी इच्छा त्यांनी पुरी केली, आणि जेराल्डीनशीही माया टिकवली. आईनं जे काम हाती घेतलं त्याच्या बाहेर त्यांचं स्वतःचं असं आयुष्य फारसं दिसत नाही. याला भक्ती म्हणावं की ओझं, यावर माझं मन अजून हलतं. गुलबर्ग्याची शाळा मात्र त्यांची स्वतःची, आणि मला ती सर्वांत आवडते.

मनोरमाबाई २४ जुलै १९२१ ला मिरजेत गेल्या, चाळीस वर्षांच्या होत्या. रमाबाई त्यांच्यामागे साडेआठ महिने राहिल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत त्या अख्खं बायबल उतरवत होत्या. त्याची मुद्रितं तपासणं चालू होतं. ५ एप्रिल १९२२ ला केडगावात त्या गेल्या. मुक्तीतल्या बायकांनी आपल्या छापखान्यात ते बायबल छापून पुरं केलं, १९२४ साली.